इन्शिराह खालाचं एक वाक्य

इन्शिराह खाला मला फारशी माहीत नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. कर्मूझ या आमच्या मोहल्ल्यात तिचं घर माझ्या कापडाच्या दुकानापासून अकरावं. पंचेचाळीस वर्षं ती माझ्याकडून पांढरं कापड नेत होती. तरी तिचं मूळ गाव कोणतं, हे मला ती गेल्यावर कळलं. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा कालव्याकाठच्या गिरणीत होता, तो लवकर गेला. उन्हाळ्यात ती दारात खुर्ची टाकून पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून बसायची, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सलाम करायची, तोही मानेनेच. यापलीकडे मला जे ठाऊक आहे ते तिच्या कामामुळे, आणि तिच्या कामाचा निम्मा भाग न बोलण्याचा होता. तेव्हा मी जे लिहितो आहे ते कितपत खरं उतरेल, मला शंकाच आहे.

ती बायकांच्या मयतांना शेवटची आंघोळ घालायची.

आमच्यात या कामाचा एक नियम आहे. मयताच्या अंगावर काही वाईट दिसलं, तर ते आंघोळ घालणारीने कोणालाही सांगायचं नाही, अगदी आईलासुद्धा नाही. चांगलं दिसलं तर मात्र सांगितलेलं चालतं. म्हणून बहुतेकजणी खोलीतून बाहेर येताच सांगतात, की चेहरा कसा चंद्रासारखा उजळला होता, ओठांवर कसं हसू होतं. घरच्या बायका ते ऐकून रडतात आणि त्या शब्दांवर पुढचे कित्येक महिने काढतात. खाला असं कधीच म्हणाली नाही, कोणाबद्दलच नाही. काम आटोपलं की कोपरापर्यंत हात धुवायची, साखरेचं पाणी घोटभर प्यायची, आणि अल्ला तुम्हाला धीर देवो एवढं म्हणून निघायची. एका घरात सुनेने तिला अडवून विचारलं होतं, आमच्या सासूचा चेहरा उजळला नव्हता का? खाला म्हणाली, "जिवंतपणी कधी निरखून पाहिला होतास?"

सुरुवातीला लोकांना हे खटकायचं. मग त्यातली सोय कळली. ज्या घरात काही झाकायचं असेल त्या घराने तिला बोलवावं आणि निर्धास्त राहावं. ज्या घरात झाकायचं काही नव्हतं तेही तिलाच बोलवत. ती सगळ्यांबद्दल सारखीच गप्प, त्यामुळे तिच्या गप्प राहण्याचा कोणालाच काही अर्थ काढता येत नसे. कर्मूझमधल्या किती गेलेल्या पोरीबाळी त्या गप्प राहण्याच्या आडोशाला सुखाने पडून होत्या, ते मला फार पुढे कळलं.

आता रिहाबचं सांगतो. रिहाब हे तिचं गाण्यातलं नाव. खरी ती अतियात, आमच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीचं दुकान होतं त्या घरची मुलगी. तिच्या आईचं नाव नफूसा. पोरगी चौदाव्या वर्षी लग्नांत गायची, विसाव्या वर्षी कैरोला गेली, आणि पुढे असं झालं की टॅक्सीत बसलं की तिचीच कॅसेट. चार सिनेमांत दिसली. सणाला घरी आली की गल्लीतल्या बायकांबरोबर पायरीवर बसून भाजलेल्या भोपळ्याच्या बिया खायची आणि सालं रस्त्यात थुंकायची. नफूसा ओरडायची, अगं तू आता रिहाब आहेस. ती म्हणायची, इथे कुठे कॅमेरा आहे?

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये ती कैरोतल्या तिच्या घरात न्हाणीघराच्या फरशीवर मेलेली सापडली. वय सत्तावीस. डॉक्टरच्या कागदावर हृदय बंद पडलं असं होतं. वर्तमानपत्रांत झोपेच्या गोळ्या होत्या. मासिकांत कोणा बड्या माणसाचा हात होता. आमच्या बायकांत आणखी एक गोष्ट होती, ती त्या तोंडावर पदर घेऊन बोलायच्या, म्हणून मी लिहीत नाही. नफूसाने हट्ट धरून मुलीला घरी आणवलं. कफनाचं कापड मीच कापलं. कापूर, अंगावरचं झाकायला कापूस, आंघोळीच्या पाण्यात टाकायला बोरीचा पाला हेही माझ्याकडूनच गेलं. वारा इतका होता की गल्लीतल्या दोऱ्यांवरचे कपडे उडत होते. नफूसा स्वयंपाकघरात बेशुद्ध पडली होती आणि बायका तिला वारा घालत होत्या. बंद खोलीत फक्त इन्शिराह खाला आणि हाताखाली तिची बहीण. ती बहीण त्याच वर्षी थंडीत वारली. म्हणजे त्या खोलीत काय दिसलं, ते जाणणारी या जगात एकच बाई उरली.

दहा वर्षं त्याचं कोणाला काही नव्हतं. मग माहितीपट सुरू झाले.

ज्यांनी असे माहितीपट पाहिले आहेत त्यांना मी वेगळं काय सांगणार. तरुणपणी मेलेला गायक, नाहीतर नटी. तिचं गाणं मधेच तोडलेलं. मग समुद्र. आमच्या कर्मूझमधून समुद्र दिसत नाही, कालवा दिसतो, आणि त्याला वास येतो. पण रिहाबच्या प्रत्येक माहितीपटात समुद्र आहे आणि रिकामी खुर्ची आहे. मग तिला ओळखणारे लोक. आमचा शौकी न्हावी तिच्याशी आयुष्यात दोनदा बोलला असेल, पण तो प्रत्येक वेळी त्याच तपकिरी कोटात यायचा आणि रिहाब मला बहिणीसारखी होती म्हणून डोळे पुसायचा. एका वर्षी मी त्याला म्हटलं, शौकी, दर मार्चला तुझी ही बहीण मरते. तो म्हणाला, "मग काय करू? कोट एकच आहे, आणि मार्चशिवाय तो घालून जायला कोणी बोलावत नाही." हसलो आम्ही. कॉफीखान्यात टीव्ही उंचावर टांगलेला होता, आणि मार्चमधल्या त्या एका संध्याकाळी सगळी गल्ली माना वर करून आपलीच घरं बघत बसायची.

पहिला चमू चौऱ्याण्णव साली आला, आणि तो माझ्या दुकानात आला. त्यांनी मला विचारलं, कफन कोणी नेलं? कॅमेऱ्यासमोर मला कोणी काही विचारतंय याचाच मला इतका आनंद झाला होता की मी विचार केला नाही. मी दुकानाच्या पायरीवर येऊन बोटाने खालाचं घर दाखवलं. ते बोट त्या माहितीपटात आहे. चेहरा नाही, फक्त बोट आहे.

खाला दारात पाय घमेल्यात सोडून बसली होती. त्यांनी विचारलं, तुम्ही रिहाबला शेवटचं पाहिलं, काय पाहिलं? तिने नेहमीसारखंच उत्तर दिलं, जे कोणी खोदून विचारलं की ती बहुतेक घरी देत आली होती. "जे पाहिलं ते पाण्याबरोबर गेलं."

माहितीपटात त्या वाक्यानंतर संगीत थांबलं. पडद्यावर तिचा चेहरा बराच वेळ तसाच ठेवला होता. मग निवेदकाचा जड आवाज आला: असं काय होतं, जे ही वृद्धा दहा वर्षांनंतरही उच्चारू शकत नाही?

ती तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. वृद्धा नव्हती. पण ते वाक्य आणि तो चेहरा पुढे सगळ्यांनी उचलला. उपग्रहाच्या वाहिन्या आल्या, दरवर्षी कोणीतरी नवा माहितीपट काढायचा, आणि दरवर्षी खाला तेच वाक्य बोलायची आणि संगीत तिथेच थांबायचं. कर्मूझमधल्या माणसाला ठाऊक होतं की ती सगळ्यांबद्दलच असं म्हणते. पण टीव्हीवर वीस वेळा पाहिल्यावर कर्मूझमधला माणूसही ते विसरला. लोक म्हणू लागले, चांगलं असतं तर बोलली नसती का?

नफूसाने तिच्याशी बोलणं सोडलं. भाजीच्या गाडीवर दोघी समोरासमोर आल्या तर नफूसा हातातली काकडी परत ठेवून निघून जायची. एकदा कोणा पोरटीशी भांडण झालं तेव्हा ती पोरटी नफूसाला म्हणाली, जा गं, तुझ्या लेकीचं काय ते पाण्याबरोबर गेलं. त्यानंतर नफूसा फारशी खाली उतरलीच नाही.

तिसाव्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदाच्या सुरुवातीला, नफूसाने मला वर बोलावलं. ती शहाऐंशीची झाली होती. पलंगाशेजारी टीव्ही होता आणि त्यावर लेकीचा फोटो. ती म्हणाली, यंदा एक नवी मुलगी येणार आहे माहितीपट करायला, जिलान म्हणून, चांगल्या घरची वाटते. तू इन्शिराहकडे जा.

"काय सांगू?"

"सांग, एक वाक्य बोल. चेहरा स्वच्छ होता, एवढंच. मला खरं नको आहे, राघिब. मला मरायच्या आधी ते वाक्य त्या पेटीतून ऐकू आलं पाहिजे. जिथून माझ्या पोरीला मारलं तिथूनच."

मी खालाकडे गेलो. ती भाजीसाठी मुलूखियाची पानं खुडत होती. मी निरोप सांगितला, आणि सगळं माझ्या बोटामुळे झालं हेही सांगितलं, वीस वर्षांनी. ती म्हणाली, ते बोट मी पाहिलंय, नख कापत जा. मग पुन्हा पानं खुडू लागली.

मी म्हटलं, "खाला, एका आईसाठी एक वाक्य. एवढं काय त्यात?"

"एका आईसाठी नाही रे. मी एकीला स्वच्छ म्हटलं, की जिला म्हटलं नाही ती आपोआप मळली. समजतंय का तुला? मी चारेकशे बायका धुतल्यात. चारशेजणी माझ्या एका बंद तोंडाचं पांघरूण घेऊन झोपल्यात. एकीसाठी ओढलं की दुसरीचे पाय उघडे."

मला समजलं होतं. तरी मी तिथून उठलो नाही, आणि यात माझी चूक आहे असं मला आजही वाटतं. मी आणखी आग्रह केला असता तर कदाचित ती नकारावरच राहिली असती. मी काही न बोलता बसून राहिलो आणि त्याचाच तिच्यावर भार पडला.

चार दिवसांनी नफूसाला दोघांनी खुर्चीवर बसवून खाली आणलं. ती वीस वर्षांनी खालाच्या दारात आली. मी दुकानाच्या पायरीवरून उठून जवळ गेलो होतो, मला ऐकू येत होतं. नफूसाने सलाम केला नाही. म्हणाली, "तुझ्या हातांवर माझ्या पोरीचं पाणी आहे, इन्शिराह. माझ्याकडे काहीच नाही." खाला खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिने नफूसाच्या गुडघ्यांवरचा रग सारखा केला आणि म्हणाली, "वर जा, थंडी आहे. सांगते मी त्या मुलीला."

जिलान खरोखर चांगली निघाली. तिने शब्द दिला की वाक्य तोडणार नाही, संगीत घालणार नाही, आणि तसंच केलं. खाला स्वच्छ पांढरा रुमाल बांधून बसली आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "तिचा चेहरा स्वच्छ होता. अंगावर काही नव्हतं. मी माझ्या हातांनी पाहिलं." मार्चमध्ये ते दाखवलं तेव्हा सगळी गल्ली कॉफीखान्यात होती. नफूसाच्या खिडकीतून तिच्या रडण्याचा आवाज आला. शौकीने त्या वर्षी पहिल्यांदा खरंच डोळे पुसले असावेत. त्या एका संध्याकाळी मला वाटलं की झालं, मिटलं.

नवव्या दिवशी कसायाची बायको खालाच्या दारात आली. तिची मुलगी वीस वर्षांपूर्वी गच्चीवरून पडून गेली होती. तिने विचारलं, आणि माझी? खाला म्हणाली, स्वच्छ होती. मग आणखी एक आली, तिलाही स्वच्छ म्हटलं. अशा आठ-दहाजणी आल्या असतील. मग दौलत आली.

दौलतची धाकटी बहीण घासलेटच्या स्टोव्हने भाजून गेली होती, लग्नानंतर सात वर्षांनी. सासरचे म्हणाले होते, स्टोव्ह फुटला. दौलतने दारात बसकण मारली. म्हणाली, तू सगळ्यांना स्वच्छ म्हणतेस तसं मला म्हणू नकोस. भाजलं होतं ते मला माहीत आहे. अंगावर भाजण्याच्या आधीचं काही होतं का, एवढंच सांग. खरं सांग, तुला तुझ्या मयतांची शपथ.

खाला गप्प राहिली. आधीची तीस-चाळीस वर्षं ती गप्प राहिली असती तर त्याचा काही अर्थ झाला नसता. आता झाला. दौलत उठली आणि निघून गेली, आणि आठवडाभरात बहिणीचा मुलगा, पंचवीस वर्षांचा, सुतारकाम करणारा, बापाचं घर सोडून गेला. जाताना त्याने बापाला काय विचारलं, ते शेजाऱ्यांनी ऐकलं. तो अजून परत आलेला नाही. कोणी म्हणतं लिबियात आहे, कोणी म्हणतं समुद्रात गेला. दौलत मला रस्त्यात भेटली तर ओळख देत नाही. मीही नजर खाली घालतो.

आणि शौकीच्या दुकानात, दाढीच्या साबणासोबत, सगळ्या गोष्टीचा निकाल लागला. म्हातारी सगळ्यांनाच स्वच्छ म्हणते. जिच्याबद्दल गप्प बसते तिचंच काय ते खरं. मग रिहाबचं? रिहाबबद्दल ती आधी वीस वर्षं गप्पच होती.

पुढच्या मार्चला दुसऱ्या एका वाहिनीने माहितीपट काढला. त्यात त्यांनी खालाची दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ एक लावली. छप्पन्न वर्षांची खाला म्हणते, पाण्याबरोबर गेलं. शहात्तर वर्षांची खाला म्हणते, स्वच्छ होता. मग समुद्र, आणि निवेदक विचारतो, यातलं खरं कोणतं? मी त्या वेळी नफूसाकडे वर बसलो होतो, तिला कॉफी करून द्यायला कोणी नव्हतं म्हणून. तिने मला आवाज कमी करायला सांगितलं. पडद्यावर समुद्र चालूच होता. ती म्हणाली, "राघिब, मला पहिलंच वाक्य खरं वाटतं."

मी टीव्ही बंद केला.

नफूसा त्याच वर्षी सप्टेंबरात गेली. सकाळी कुराणाचा आवाज ऐकून खालाने आपली आंघोळीच्या सामानाची पिशवी दाराशी आणून ठेवली, बाह्या सारल्या आणि खुर्चीवर बसली. नफूसाच्या भाच्यांनी दवाखान्याची गाडी बोलावली होती. हातमोजे घातलेल्या दोन अनोळखी बाया उतरल्या आणि वर गेल्या. खाला दुपारच्या नमाजापर्यंत तशीच बसून होती. मग तिने बाह्या खाली केल्या. त्यानंतर कर्मूझमधून तिला कोणीच बोलावलं नाही, ज्या घरात झाकायचं होतं त्यांनीही नाही आणि नव्हतं त्यांनीही नाही.

खालाने रिहाबच्या खोलीत खरं काय पाहिलं, हे मला लोक अजून विचारतात. मला माहीत नाही. त्या दिवशी माझ्या दुकानातून कापूस किती गेला हे मला आठवतं, पण मला प्रत्येक घरी किती गेला हे आठवतं, आणि मी कोणाचंच सांगणार नाही. जिलानने दोनदा फोन केला होता. मी म्हटलं, माझी आठवण फार वाईट आहे, बेटा.

खाला त्यानंतर तीन वर्षांनी गेली. तिलाही दवाखान्याच्या बायांनीच आंघोळ घातली. त्या बाहेर आल्या तेव्हा मी तिच्या दारातल्या पायरीवर उभा होतो. त्यातली एक हातमोजे काढत सहज म्हणाली, चेहरा अगदी चंद्रासारखा उजळला होता. ऐकायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

जाण्याच्या आधीच्या गुरुवारी खाला दुकानात आली होती. तिला उशीच्या अभ्र्यासाठी कापड हवं होतं. मी पांढऱ्याचा तागा काढला तर म्हणाली, पांढरं नको, ते निळ्या रेघांचं दे. मी मोजून कापायला घेतलं.

"खाला, हे धुतल्यावर थोडं आटतं. जास्त घ्या."

"आटू दे. उशी कुठे मोठी आहे."